अंधारातलं रीडिंग

महाजन सरांना चांगली बातमी सांगायला लोक घाबरत. वाईट बातमी बिनधास्त सांगता यायची. ती सर ऐकून घेत, दोन शब्द धीराचे बोलत, वर चहाही पाजत. पण चांगलं काही सांगायला जावं, तर सर चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "आणि त्याच्याशिवाय?"

शनवारा मोहल्ल्यात त्यांच्या शेजारी गोकुळशेठ राहत. एकदा त्यांनी बोटातली पुष्कराजाची अंगठी दाखवली. ही घातल्यापासून दुकान कसं जोरात चालून राह्यलं, ते हौसेनं सांगितलं.

"काढून बघितली का?" सरांनी विचारलं.

"काढून कशाला बघू, मास्टरजी? चालून राह्यलं ना!"

"महिनाभर काढून ठेवा. दुकान बसलं तर अंगठी खरी."

गोकुळशेठनी महिनाभर सरांशी बोलणं सोडलं. अंगठी काही सोडली नाही.

दराबा ही आमच्या गावची मिठाई, तिच्या दुकानातही तेच. दुकानदारानं कौतुकानं हातावर घास ठेवला, म्हणाला, तूप बदललंय, चव बघा. सरांनी आधी कालचा दराबा मागितला. मग डोळे मिटून, आजचा कुठला आणि कालचा कुठला हे न सांगता, आलटून पालटून सहा घास हातावर ठेवायला लावले. मागे गिऱ्हाइकांची रांग. सहावा घास संपल्यावर सरांनी डोळे उघडले आणि खणखणीत आवाजात निकाल दिला, "काही फरक नाही." दुकानदाराचा चेहरा मी पाहिला आहे. तो आजही सर दिसले की आतल्या खोलीत जातो.

कॉलेजात त्यांचं नाव 'अंधार सर' पडलं होतं, आणि त्याला मीही थोडी जबाबदार आहे. बी.एस्सी.ला आम्हाला एक प्रयोग असे. हायड्रिला नावाची पाणवनस्पती काचेच्या नरसाळ्याखाली ठेवायची, उन्हात तिच्यातून प्राणवायूचे बुडबुडे येतात ते मोजायचे, आणि मग तेच सगळं अंधारात ठेवून पुन्हा मोजायचे. आता अंधारात बुडबुडे येत नाहीत हे पुस्तकात छापलेलंच आहे. मग अर्धा तास अंधारात ठेवायचं कशाला? आमच्या वर्गात रीडिंग घेण्यापेक्षा रीडिंग बनवण्याची पद्धत जास्त रुळलेली होती. आदल्या वर्षीच्या मुलींच्या फाइली त्यासाठी जपून ठेवलेल्या असत. मी उन्हातले बुडबुडे प्रामाणिकपणे मोजले, अंधारासमोर शून्य लिहिलं आणि फाइल पुढे केली.

"अंधारात कुठं ठेवलं होतं?" सर म्हणाले.

"कपाटात, सर."

"कोणत्या?"

"ते कोपऱ्यातलं."

सरांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. कोपऱ्यातल्या कपाटाला कुलूप होतं. आधीपासूनच होतं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "पोरी, उजेडातलं रीडिंग कुणीही घेतं. आपण खरे की खोटे, ते अंधारातल्या रीडिंगवरून कळतं." मग मला अर्धा तास त्या कपाटासमोर स्टुलावर बसवलं. आत हायड्रिला, बाहेर मी. बुडबुडे शून्यच निघाले. ते शून्य माझ्या आयुष्यातलं पहिलं कष्टाचं शून्य.

पुढे मी त्याच कॉलेजात, त्याच विभागात अतिथी विद्वान म्हणून लागले. मध्य प्रदेशात कंत्राटी प्राध्यापकाला सरकार हेच नाव देतं. अतिथी म्हणजे कधीही निघा म्हणता येतं, आणि विद्वान म्हणजे त्यावर तक्रार करायची नाही. तेव्हा सरांच्या निवृत्तीला तीनेक वर्षं राहिली होती, आणि त्यांच्या डोक्यात नुकतंच ते शेवाळाचं वेड शिरलं होतं.

कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं होतं की जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांत जिवाणू आणि माणसानं बनवलेले पदार्थ एकत्र जोडतात, आणि त्या जोडीकडून उन्हाची वीज नाहीतर इंधन करून घेतात. सरांनी मला ते समजावलं ते असं : "तापीच्या घाटावर जे निळसर हिरवं शेवाळ असतं ना, ते दिसायला शेवाळ, पण जातीनं जिवाणू. त्याला ऊन पचवता येतं, पण कमाई घराबाहेर देता येत नाही. काजळी लावलेल्या कापडाला वीज वाहून नेता येते, पण ऊन पचवता येत नाही. दोघांची सोयरीक जमवायची."

तेव्हापासून विभागात या प्रयोगाला सोयरीकच म्हणू लागले. स्थळं बघणं सुरू झालं. कापड इतवाऱ्यातल्या हमीदभाईंच्या पॉवरलूमवरून येई. सुती कापडाला शेवाळ छान बिलगलं आणि चार दिवसांत कापडच कुजलं. पॉलिस्टर कुजेना, पण शेवाळ त्याच्यावरून घसरून खाली बसे. शेवटी पॉलिस्टरला काचकागदानं घासून, त्यावर जुन्या सेलमधल्या कांड्यांची काळी पूड डिंकासारख्या कशात तरी कालवून लावली, तेव्हा मंडळी एकमेकांजवळ राहायला तयार झाली. हमीदभाई दर वेळी विचारत, "मास्टरसाब, इतने कपड़े का सिलाते क्या हो?" सर सांगत, "शेवाळाचा लेंगा." हमीदभाईंनी पुढे विचारणं सोडून दिलं.

शेवाळासाठी तर आम्ही गाव पालथं घातलं. केळीच्या शेतांतल्या टाक्या, राजघाटाच्या पायऱ्या, नेपानगरच्या वाटेवरचं एक डबकं. एकदा सर मोठ्या आशेनं कुंडी भंडाऱ्याला गेले. तिथलं जमिनीखालचं पाणी बघायला दुरून लोक येतात आणि किती नितळ म्हणून वाहवा करतात. सर रिकामी बाटली घेऊन परतले. म्हणाले, "काही अर्थ नाही. फार स्वच्छ आहे."

बरण्या काकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या. सात लोणच्याच्या बरण्या एकेक करून घरातून गेल्या आणि कॉलेजच्या मागच्या खोलीत, गच्चीच्या दारापाशी, तारांनी एकमेकींना जोडून उभ्या राहिल्या. काकूंनी पहिल्या तीन बरण्यांपर्यंत सहन केलं. चौथी गेली तेव्हा सरांना त्यांच्याच शब्दांत गाठलं. "मी पंधरा दिवस माहेरी जाते. माझ्याशिवाय काय होतं त्याचं रीडिंग घ्या." सर तिसऱ्या दिवशी रावेरला जाऊन त्यांना घेऊन आले. सरांनी अर्ध्यावर सोडलेला तेवढा एकच प्रयोग मला माहीत आहे. त्याची नोंद रजिस्टरात नाही.

आणि होते सुपडूभाऊ. आमचे प्रयोगशाळा सेवक. सरांबरोबर कॉलेजात लागले, त्यांच्याबरोबरच म्हातारे झाले. कुठलं बीकर गळतं, कुठला बर्नर लाथ मारल्याशिवाय पेटत नाही, हे त्यांनाच ठाऊक. दसऱ्याला ते सगळ्या सूक्ष्मदर्शकांची पूजा करत, तशी त्यांनी त्या बरण्यांचीही केली. सर देवाचं फारसं करत नसत, पण अडवलंही नाही. एवढंच म्हणाले, "सुपडू, एका बरणीला हळदीकुंकू लावू नको. फरक बघू."

आठवड्यानं बघितलं तर न पुजलेली बरणी सगळ्यात हिरवी. सर खूश. सुपडूभाऊंना काही ते सहन झालं नाही. सर वर्गावर गेल्यावर त्यांनी त्या बरणीलाही गुपचूप बोट लावलं. मी पाहिलं आणि बोलले नाही. तेव्हा बोलायला हवं होतं, असं मला पुढे वाटलं.

सात बरण्या मिळून जी वीज देत, तिच्यावर दिवा लागणं शक्य नव्हतं. म्हणून सरांनी बाजारातून एक छोटं आकड्यांचं घड्याळ आणलं. त्याला वीज जवळजवळ लागतच नाही. सेलची खोबण रिकामी ठेवली, तिथल्या पत्र्यांना बरण्यांच्या तारा जोडल्या, झाकण लावून वर चिकटपट्टी मारली. ऊन चांगलं तापलं की आकडे उमटत. ढग आला की फिके पडत आणि जात. पुन्हा ऊन आलं की घड्याळ नव्यानं जन्मल्यासारखं बारापासून मोजायला लागे. त्यामुळे ते वेळ कधीच बरोबर दाखवत नसे. सकाळी दहाला बारा, दुपारी दोनला बारा वाजून सात. सरांना त्याची फिकीर नव्हती. रजिस्टरात रोज दोन रकाने भरले जात : उजेड, अंधार.

निवृत्तीला दोन महिने उरले तेव्हा प्राचार्यांनी सांगितलं की मागची खोली उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांसाठी लागणार आहे. त्या दिवशी सरांनी चहा अर्धा ठेवला. सरांना मूल नव्हतं, गाडी नव्हती, छंद म्हणावा असा दुसरा काही नव्हता. ती खोली आणि ती गच्ची गेली की सर निवृत्त होऊन करणार काय, हा प्रश्न आम्हा तिघांना, म्हणजे काकूंना, सुपडूभाऊंना आणि मला, छळत होता. मग प्राचार्यांनीच वाट काढली. भोपाळहून एक मोठे साहेब कॉलेज बघायला येणार होते. त्यांना घड्याळ पसंत पडलं, त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या, तर खोली सरांकडे राहील. निवृत्तीनंतरसुद्धा.

साहेब यायच्या आधीचे दोन दिवस आभाळ होतं. बरण्या रुसल्या. त्या सकाळी ऊन पडलं, पण साडेनऊला मी पाहिलं तेव्हा घड्याळ कोरं होतं. सुपडूभाऊ तिथंच फडका घेऊन उभे. मी वर्गावर गेले. परत आले तेव्हा आकडे झळकत होते आणि सर इस्त्रीच्या शर्टात, नव्या नवऱ्यासारखे, बरण्यांभोवती फेऱ्या घालत होते.

"बघ, सोयरीक ऐन वेळी पावली," मला म्हणाले.

घड्याळात अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. माझ्या मनगटावरही तेवढीच. घड्याळ पहिल्यांदाच बरोबर वेळ दाखवत होतं. इतकी ठळक गोष्ट, पण सरांच्या आनंदात ती सरांना दिसली नाही आणि त्यांच्याकडे बघण्याच्या नादात मलाही.

साहेब आले. सोबत प्राचार्य, चार प्राध्यापक आणि मावा जलेबीच्या बश्या. सरांनी सोयरिकीची कथा हिंदीत, शेवाळाला काई म्हणत, सांगितली. साहेब खरंच रंगले. खाली वाकून बरण्या बघितल्या. "अद्भुत! काई से घड़ी!" म्हणाले. प्राचार्य डोळ्यांनीच सरांना सांगत होते, बस, झालं, आता थांबा.

दुसरा कुणी असता तर थांबला असता. सरांनी खांद्यावरचा जाडा टॉवेल काढला. "साहब, अब इसका अंधेरा देखिए. पंद्रह मिनट में घड़ी बंद हो जाएगी." आणि सातही बरण्यांवर टॉवेल घातला.

प्राचार्यांचा चेहरा पडला. चालू घड्याळ बंद करून दाखवणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. पण साहेबांनी खुर्ची घेतली, जलेबी घेतली. आम्ही सगळे घड्याळाकडे बघत बसलो.

पंधरा मिनिटं झाली. आकडे ठळक.

वीस झाली. आकडे तसेच ठळक. सुपडूभाऊ दारातून नाहीसे झाले होते.

साहेबांनी बशी खाली ठेवली आणि टाळ्या वाजवल्या. "महाजनजी, आपने तो बताया ही नहीं! यह तो अंधेरे में भी चलती है!" प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या, मग प्राध्यापकांनी. खोली राहिली होती. एका शब्दाचीही गरज नव्हती. नुसतं नमस्कार करून उभं राहायचं होतं.

मी सरांकडे पाहिलं. ते टाळ्यांकडे नाही, घड्याळाकडे बघत होते. मग मनगटाकडे बघितलं. मग पुन्हा घड्याळाकडे. चष्मा कपाळावर गेला.

"साहब, एक मिनट," ते म्हणाले. "यह ग़लत चल रही है."

त्यांनी घड्याळ उलटं केलं, चिकटपट्टी काढली, झाकण उघडलं आणि आतला चकचकीत नवा सेल तळहातावर घेऊन साहेबांपुढे धरला. आकडे तत्क्षणी गेले. मला प्रसाद देणाऱ्या पुजाऱ्याचा हात आठवला.

"तो यह चलती नहीं है?" साहेब म्हणाले.

"चलती है, साहब," सर म्हणाले. "आज नहीं चली."

साहेब सभ्य होते. घड्याळात बघून, दुसऱ्या, चालणाऱ्या घड्याळात, आपल्याला उशीर होतोय म्हणाले.

सुपडूभाऊ गच्चीवर, टाकीच्या आडोशाला सापडले. साठीच्या घरातला माणूस, आणि फडक्यात तोंड खुपसून बसलेला. "सर, घड्याळ नई चाललं असतं तं तुम्ही रडले असते," एवढंच म्हणाले. "माझ्याच्यानं ते बघवलं नसतं."

"रडलो असतो," सर म्हणाले. "पण रीडिंग तं खरं राह्यलं असतं ना, सुपडू."

मग शेजारी बसले. म्हणाले, "वेळ पण लावली होती तू बरोबर?"

"पावण्यांसमोर चुकीची वेळ कशी दाखवू, सर?"

सरांना हसू फुटलं. मला मात्र फुटलं नाही. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला होता, एकाच्या लबाडीचा आणि दुसऱ्याच्या खरेपणाचा, आणि दुसऱ्याचा जास्त. पण सरांनी रजिस्टर आणायला लावलं आणि सुपडूभाऊंच्याच हातानं लिहून घेतलं : 'आत सेल होता. आजचं रीडिंग रद्द.' खाली सही. सुपडूभाऊंनी तीस वर्षांत रजिस्टरात लिहिलेलं ते पहिलंच वाक्य. अक्षर चांगलं होतं.

खोली गेली. गठ्ठे आले. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झाल्यावर सुपडूभाऊंनी हातगाडी आणली आणि सात बरण्या हिरवं पाणी हिंदकळत, भर बाजारातून शनवाऱ्याकडे निघाल्या. पुढे शाल पांघरलेले सर, मागे सुपडूभाऊ. वाटेत दोघांनी भाव विचारला. एकानं, भांग आहे का, हे जरा हळू आवाजात विचारलं. सर प्रत्येकासाठी थांबून शास्त्र समजावत होते, त्यामुळे दहा मिनिटांच्या रस्त्याला त्यांना दीड तास लागला.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते मे महिन्यात. माझी कायम नेमणूक झाली होती, तीही पार मंडल्याला. पेढे घेऊन गेले तर काकू म्हणाल्या, "वर जा. मी पण येतेच." काकू गच्चीवर जात नसत, बरण्या गेल्याचा राग होता. त्या दिवशी तूर निवडायचं ताट घेऊन माझ्या मागोमाग आल्या.

वर दुपारचं ऊन नुसतं भाजत होतं. बरण्या भिंतीला ओळीनं, घड्याळ स्टुलावर, सर आणि सुपडूभाऊ डोक्याला उपरणं बांधून समोर. सुपडूभाऊंची नोकरीही संपली होती, पण ते कामावर यायचे थांबले नव्हते. घड्याळात बारा वाजून बावन्न. म्हणजे बावन्न मिनिटं सलग चालत होतं. इतकं ते कधीच चाललं नव्हतं.

"सर, पेढे," मी म्हटलं. "कायम झाले."

"थांब," ते म्हणाले. "आधी अंधार."

त्यांनी सुपडूभाऊंकडे पाहिलं. सुपडूभाऊंनी न सांगता दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. मग स्वतःच घड्याळाचं झाकण उघडून रिकामी खोबण सगळ्यांना दाखवली. मलाही, काकूंनाही. सरांनी टॉवेल घातला.

आम्ही बसलो. काकू तूर निवडत होत्या, पण खडे ताटातच राहत होते. पाच मिनिटं. दहा. आकडे तसेच. मला भोपाळचे साहेब आले होते तो दिवस आठवला. हे थांबलं नाही तर सर काय करतील, याची मला भीती वाटायला लागली. घड्याळ थांबावं म्हणून मी मनातल्या मनात देवाला सांगितलं, आणि न सांगता काय झालं असतं ते कळायला मार्ग नाही.

तेरा मिनिटांनी शेवटचा आकडा फिका पडला. मग मधले दोन. मग कोरी काच.

सर उठून उभे राहिले. उपरणं डोक्यावरून पडलं.

"बंद पडलं!" ते ओरडले. "सुपडू, लिही! बंद पडलं! अगं, बंद पडलं!" काकूंचं ताट हातातून घेऊन त्यांनी खाली ठेवलं आणि त्यांचे दोन्ही हात धरले. सुपडूभाऊ रजिस्टरावर वाकले होते, आणि त्यांचं अक्षर या वेळी नीट येत नव्हतं.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या गच्चीवर गोकुळशेठ आले. अंगठीचा हात डोळ्यांवर धरून बघू लागले.

"काय झालं, मास्टरजी?"

"शेठ, घड्याळ बंद पडलं!" सर आनंदानं म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

गोकुळशेठना सरांची मनापासून दया आली.

"अहो, मग त्यात रडता काय," ते म्हणाले. "नवा सेल टाका ना!"